नाव मोठी, चाक खोटं

छत्रपती संभाजीनगरात दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी टक्के विचारतात. हे टक्के पोराच्या बारावीचे नसतात, जायकवाडीचे असतात. "किती झालं?" "बासष्ट." "मग अजून तीन पाहिजेत." या तिनाचा हिशेब इथल्या पानवाल्यालाही सांगावा लागत नाही. १५ ऑक्टोबरला धरण ६५ टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा नियम आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

धरण तसं दांडगं. १०२ टीएमसी पाणी, २७ दरवाजे, दहा किलोमीटरची भिंत. व्हायचं होतं बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी, झालं पैठणला. जागा बदलली, नाव तेच राहिलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. पाणी अडलं त्याला नाव दिलं नाथसागर. आता सागर म्हटल्यावर काही माणसांच्या डोक्यात लाटा उठायला लागतात. आमच्या दाजींच्या उठल्या.

दाजी बँकेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं शेंद्र्याकडे प्लॉट घेतात, चारधामला जातात, फारच झालं तर गुडघे बदलतात. दाजींनी नाव घेतली. सोळा फुटी, फायबरची, निळी-पांढरी, आणि ती ठेवायला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर. कोकण किनाऱ्यावरच्या कुण्या हौशी माणसाची हौस फिटली होती, ती दाजींनी निम्म्या किमतीत विकत घेतली. हे सगळं ट्रकवर चढून बीड बायपासजवळच्या आमच्या कॉलनीत उतरलं, तेव्हा टँकर आला असं वाटून बायका हंडे घेऊन बाहेर आल्या होत्या.

"दाजी, समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब आहे," मी म्हणालो.

"इतिहास वाचत जा," दाजी म्हणाले. "पैठण ही सातवाहनांची राजधानी. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर चक्क जहाज आहे. दोन डोलकाठ्यांचं!"

आहे, हे खरं. फक्त ती नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडे सापडली, पैठणच्या गल्लीत नव्हेत. आणि 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन सांगतं की पैठणचा माल भडोचच्या बंदराकडे जायचा तो गाड्यांमधून, रस्ते नसलेल्या लांबलचक मुलखातून. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही पैठणचा समुद्राशी संबंध होता तो चाकांवरूनच. नावेचं काय व्हायचं ते होवो, चाक फिरतं राहिलं पाहिजे, एवढा धडा त्या ग्रीक लेखकाकडून घ्यायला हरकत नव्हती.

नाव आल्यावर दाजींना कळलं की नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि आपल्या मनाने नाव घातली, असं तिथे चालत नाही. परवानगी लागते. परवानगीसाठी अर्ज लागतो. दाजींनी हयातभर अर्ज घेण्याचं काम केलेलं. अर्ज देण्याचा सराव नव्हता. तोवर नाव कॉलनीच्या उतारावर उभी राहिली.

उभी करताना दाजींनी तिच्या ट्रेलरचा हातब्रेक ओढला. कर्ज मंजूर करताना दोन जामीनदार घेणारा माणूस तो. त्यांनी हातब्रेक ओढला, ओढलाय का ते ताईला बघायला सांगितलं, आणि मग आणखी एक दात वर ओढला. इथेच सगळ्या पुढच्या कथेचं बी पडलं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या ट्रेलरचा हातब्रेक ओढून ठेवायचा नसतो. चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि ब्रेक मोकळा सोडायचा. कारण ड्रम ब्रेकमध्ये काय होतं, तर दोन अर्धगोल शू ड्रमला आतून दाबून बसतात. लायनर ओलसर, ड्रम लोखंडी, मध्ये हवा खेळायला जागा नाही. लोखंडाला गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. मधली फट भरली की लायनर आणि ड्रम एकच होऊन बसतात.

त्यात हा ट्रेलर किनाऱ्यावरचा. नाव पाण्यात सोडताना ट्रेलर चाकांसकट समुद्रात उतरवतात. ड्रम म्हणजे एक झाकलेली वाटी. तिच्यात खारं पाणी शिरलं की बाहेर येताना सगळं येत नाही, आणि पाणी वाळलं तरी मीठ उरतंच. म्हणून दर खेपेला ब्रेक गोड्या पाण्याने धुवायचे असतात. हे दाजींना विकणाऱ्याने सांगितलं होतं. ताईने विचारलं, "कोणत्या गोड्या पाण्याने?" प्रश्न बिनतोड होता. आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा वार असतो आणि तोही पाळला जाईलच असं नाही. त्या पाण्यात आधी माणसं धुवायची असतात.

पुढे उन्हाळा लागला. जायकवाडीचे टक्के खाली आले, नळाचा वार लांबला, कॉलनीतल्या टाक्या खडखडू लागल्या. एका पहाटे नळ आला तेव्हा ताईने घरातली पातेली, बादल्या, पिंप सगळं भरलं, तरी धार चालूच होती. वाहून जाणारं पाणी बघून मराठवाड्यातल्या बाईच्या पोटात जो खड्डा पडतो तो शब्दांत सांगता येत नाही. तिने पाइप उचलला आणि नावेत सोडला.

बाकीच्या जगात नाव पाण्यात असते. आमच्याकडे पाणी नावेत असतं.

ती सोय कॉलनीला इतकी पटली की उन्हाळाभर नावेला मान आला. धुणं-भांडी, झाडं, कूलर, सगळं नावेवर. दाजी वर ताडपत्री बांधायचे आणि किती बोटं पाणी उरलं ते रोज मोजायचे; धरणाचा शाखा अभियंता आपणच, अशी त्यांची चालही बदलली होती. एवढंच कुणाच्या लक्षात आलं नाही की हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ट्रेलर बनवलेला काही शे किलोंच्या रिकाम्या नावेसाठी. टायर खालून चपटे झाले, कमानी बसल्या. शिवाय नावेच्या तळाला पाणी काढायचं बूच असतं, ते जरा झिरपायचं, आणि झिरपलेलं पाणी चौकटीवरून ओघळत नेमकं डाव्या चाकावर उतरायचं. सबंध शहर कोरडं होतं त्या दिवसांत, पण ते एक चाक मात्र कायम ओलं होतं.

आणि मग कॉलनीत नवी जलवाहिनी आली. म्हणजे पाणी नव्हे, वाहिनी. पैठणहून शहरापर्यंत आधी ७०० मिलिमीटरची एक आणि १४०० मिलिमीटरची एक अशा जुन्या वाहिन्या होत्याच. आता २५०० मिलिमीटरची. अडीच मीटर म्हणजे आठ फुटांच्या वर. दाजींची नाव सहा फूट रुंद. पैठणला नाव त्या पाइपात सोडली तर पंपाच्या जोरावर ती थेट नक्षत्रवाडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत येईल, ट्रेलरचं कामच नाही, असं दाजींनी एकदा गंभीरपणे मांडून बघितलं होतं.

मुख्य वाहिनीतून गल्लीत येणारा पाइप अर्थातच बारीक, पण त्याच्या चराला जागा पाहिजे होती ती नेमकी ट्रेलरखालची. जेसीबीवाला येऊन उभा राहिला.

"काका, नाव काढा."

दाजींनी आपलं नाव सांगितलं.

"तसं नाही. ही नाव काढा इथून."

दाजींनी आधी नाव रिकामी केली, म्हणजे कॉलनीने बादल्यांनी केली. मग हातब्रेक सोडला. दांडा खाली आला, चाक हललं नाही. पोरं लागली, हललं नाही. शेजारच्यांची जीप बांधली, तेव्हा ट्रेलर हलला, पण चाकं न फिरता फरफटत, रस्त्यावर दोन काळ्या रेघा ओढत. जेसीबीवाल्याने बकेट वर करून विचारलं, "उचलून ठेवू का बाजूला?" दाजी दोन्ही हात पसरून नावेसमोर उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांच्यात सातवाहनांचं रक्त दिसलं.

आता हे शहर कसलं आहे हे लक्षात घ्या. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. देशभरातल्या मोटारसायकली ज्या ब्रेकांवर थांबतात, त्यातले कितीतरी ब्रेक वाळूजमध्ये होतात. त्यामुळे आमच्या कोणत्याही कॉलनीत दगड मारला तर तो निवृत्त ब्रेकतज्ज्ञाला लागतो. ब्रेक जाम झाल्याची बातमी फुटताच ही मंडळी चहा टाकून आली. कुणी तीस वर्षं प्रेसशॉपला काढलेली, कुणी क्वालिटीत, कुणी स्टोअरला. स्टोअरवाल्यांचं म्हणणं, पार्ट नंबर असल्याशिवाय बोलूच नये.

क्वालिटीवाल्यांनी सूत्रं हातात घेतली. "आधी रूट कॉज. घाईघाईत चाक उघडायचं नाही. पाच वेळा 'का' विचारायचं."

"चाक फिरत नाही. का?"

"ब्रेक जाम."

"का?"

"गंज."

"का?"

"पाणी."

"पाणी का?"

"नळ रोज येत नाही म्हणून."

"नळ रोज का येत नाही?"

इथे सभा मंडळ-महापालिका-मंत्रालय अशी चढत गेली आणि पाचव्या 'का'ला नगर-नाशिकवाल्यांवर येऊन थांबली. मग क्वालिटीवाल्यांनी खडूने नावेच्याच अंगावर कारणांचा फिशबोन, म्हणजे माशाचा सांगाडा काढला: माणूस, मशीन, माल, पद्धत. सोळा फुटी नाव कडेपासून कडेपर्यंत भरली. त्या नावेच्या नशिबी आमच्याकडे आलेला मासा एवढाच.

उपायांवर तीन पंथ पडले. पहिला हातोडा पंथ: "दोन दणके द्या, मुकाट सुटेल." हा पंथ संख्येने मोठा, कारण त्याला शिक्षण लागत नाही. दुसरा अग्नी पंथ: गॅसने ड्रम तापवा, लोखंड फुगेल, गंज फुटेल. शास्त्र बरोबर होतं. पण वर फायबरची नाव होती आणि फायबर पेट घेतं, हे आठवताच ताई एक बादली भरून घेऊन आली आणि तो गॅसवाला जाईपर्यंत खाली ठेवली नाही. तिसरा तेल पंथ. त्यात पुन्हा उपपंथ: डिझेलवाले, रॉकेलवाले, खोबरेल तेलवाले आणि डब्ल्यूडी-४० वाले. हे शेवटचं औषध १९५३ सालचं, अमेरिकेतल्या क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून केलेलं. चाळिसाव्या खटपटीत जमलं म्हणून नावात ४०, आणि आधीच्या अक्षरांचा अर्थ पाणी हटवणारं. पाणी हटवायला या शहरात पैसे मोजावे लागतात, याचं ताईला फार नवल वाटलं.

सगळे पंथ थकल्यावर उस्ताद आले. उस्तादांचं गॅरेज जालना रोडच्या आतल्या बाजूला; ट्रकच्या चाकांत त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी नावेकडे पाहिलंच नाही. खाली बसले, ड्रमवर बोटाच्या पेराने वाजवून बघितलं आणि म्हणाले, "साहब, इसको मारना नै. मनाना पडता."

नट पहिले. कारागीर चाक जॅकवर घेण्याआधी नट ढिले करतात, कारण वर उचलल्यावर पान्ह्याबरोबर चाकच फिरतं. उस्तादांच्या पोराने सवयीने ते सांगितलं. क्वालिटीवाले म्हणाले, "हे चाक फिरलं तर आपण पेढे वाटू." नटांचे आटे गंजाने भरलेले. उस्तादांनी ते तारेच्या ब्रशने घासले, तेल सोडलं आणि नट थेट उलटा न फिरवता आधी किंचित सुलटा आवळला. कर्र असा बारीक आवाज आला. गंजाचा दातच मोडला. मग उलटा. एक स्टड तुटला, बाकीचे आले. इतक्यांत एक ही सरासरी वाळूजमध्येही चांगली धरतात, असं प्रेसशॉपवाले म्हणाले, पण कितींत एक ते त्यांनी सांगितलं नाही.

ट्रेलर जॅकवर गेला, खाली लाकडी ठोकळे बसले. विटांवर घ्यायला उस्तादांनी साफ नकार दिला. हातब्रेकची तार आपल्या नळीतच गंजून बसली होती, म्हणून दांडा खाली येऊनही शू सुटत नव्हते. ती कापली. ड्रममागच्या पत्र्याला एक छोटी चीर असते, तिच्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून दातेरी चाकी मागे फिरवली की शू जवळ येतात. ती चाकीही जाम. तेल सोडलं. "रैने दो," उस्ताद म्हणाले आणि गेले. रोज संध्याकाळी यायचे, चार थेंब सोडायचे, ड्रमच्या कडेला लाकडाचा तुकडा धरून हळू ठोकायचे, कान देऊन ऐकायचे आणि जायचे. कॉलनीला हे सहन होईना. ज्या शहरात आठवडा-आठवडा पाण्याची वाट बघायची सवय आहे तिथल्या माणसांना तेल मुरायला वेळ द्यायचा म्हणजे मात्र धीर धरवत नाही.

याच दिवसांत एक ऊसवाला ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढत कॉलनीसमोरून चालला होता. ड्रायव्हरने थांबून सगळा प्रकार बघितला.

"काय करायलेत ओ?"

"ब्रेक जाम झाला."

"आमच्या ट्रॉलीचा कधीच जाम होत नाही बघा."

सगळे तज्ज्ञ पुढे सरसावले. "काय वापरता?"

"काही नाही. ब्रेकच नाही." आणि खडखडत निघून गेला. क्वालिटीवाल्यांनी बराच वेळ विचार करून कबूल केलं की पाच वेळा 'का' विचारलं तर उत्तर हेच निघतं. हंगामात गंगापूर-पैठणच्या रस्त्यावर अशा दोन भरल्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवलेल्या माणसाला या उत्तरावर फार हसू येत नाही.

मग एका संध्याकाळी टंग-टंग वाजणारा ड्रम टक् असा वाजला. उस्तादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं होती, इतके दिवस गंजाखाली लपलेली. त्यांत दोन बोल्ट घातले आणि एकदा हा, एकदा तो, असे पाव-पाव फेरा आवळत गेले. ड्रम केसाएवढा सरकला. पुन्हा पाव फेरा. आतून तांबडी पूड गळायला लागली. पोरगा फुंकर मारायला वाकला, तर उस्तादांनी त्याची कॉलर धरली; जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती ओली करून पुसायची असते. शेवटी ड्रम हातात आला, तर दोन्ही लायनर शू सोडून ड्रमलाच चिकटलेले! ब्रेकने इतकं इमानाने धरलं होतं की सोडायची वेळ आल्यावर त्याने आपलं कातडं दिलं, पकड दिली नाही.

हब उघडला तेव्हा आतलं ग्रीस दुधाळ निघालं. ही किनाऱ्यावरची करणी. लांबून ओढत आणलेल्या ट्रेलरचा हब तापलेला असतो. तो तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. म्हणून जाणते लोक काठावर आधी चहा पितात, हब गार होऊ देतात आणि मग ट्रेलर पाण्यात घालतात. बेअरिंगच्या गोट्यांवर काळे डाग पडले होते. उस्तादांनी ती बोटांत फिरवून दाजींच्या कानाशी धरली. दाजींनी बँकेत कित्येक वर्षं खोटे हिशेब ऐकले होते. हा आवाज त्यांना लगेच ओळखू आला.

नवी बेअरिंगं, नवी तार, शूवर रिव्हेट मारून नवे लायनर. या वस्तूंचा या शहराला कधी दुष्काळ नसतो. एवढं करून उस्ताद म्हणाले ते मी लिहून ठेवलं आहे. चालतं चाक झिजतं, उभं चाक गंजतं. झिजल्याला बाजारात माल मिळतो, गंजल्याला आधी खोलायलाच महिना जातो. तेव्हा साल में एक बार खोलो, ग्रीस बदलो, और हातब्रेक को हात नक्को लगाओ.

उजवं चाक त्यामानाने लवकर मानलं. ट्रेलर जमिनीवर आला आणि ताईने एका बोटाने ढकलला, तर चाक फिरलं. पेढे खरंच वाटले गेले. एवढ्यात भाद्रपद लागला होता, २७ दरवाज्यांच्या बातम्या यायला लागल्या होत्या आणि दाजींचा अर्ज अजून टेबलावर होता. फिरतं चाक मोकळं दिसल्यावर कॉलनीतल्या गणेश मंडळाची पोरं थोडीच सोडतात! अनंत चतुर्दशीला नाव सजली, माळा लागल्या, डोलकाठी म्हणून झेंड्याचा बांबू उभा राहिला. बाप्पा नावेत बसले. दाजी पुढे, ट्रेलर मागे, ढोल त्यामागे.

आमच्याकडे विसर्जनाला समुद्र नाही, तशी नदीही नाही. आमचे गणपती विहिरीत जातात. तेव्हा कोकणातून आलेली ती सोळा फुटी नाव अखेर पाण्याला भेटली ती जिल्हा परिषदेच्या मैदानावर, विहिरीच्या कठड्याबाहेर उभी राहून. दाजींच्या चेहऱ्यावर तरीही खलाशाचं समाधान होतं. बाप्पा पाण्यात उतरले आणि सगळं मैदान ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

गर्दीतून वाट काढत उस्ताद दाजींपाशी आले आणि चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहब, हमको भी अगले साल जल्दी बुलाना."